मोटर एकटी शांत, पंपावर बसवली की थरथर: जोडलेल्या कंपनांविषयी सविस्तर उत्तर

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलची (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीची) देखभाल पाहणाऱ्या अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जॅकवेलवर उभे टर्बाइन पंप तीन आहेत आणि प्रत्येकावर १०० अश्वशक्तीची चार पोलची मोटर आहे. २०१९ च्या महापुरात मोटरी पाण्याखाली गेल्यामुळे त्या सुमारे दीड मीटर उंच लोखंडी स्टुलांवर चढवल्या. तेव्हापासून त्या पूर्ण वेगाला थरथरतात. वर्कशॉपमध्ये बेडवर बांधून चालवलेली तीच मोटर मात्र शांत असते. पहिल्या पंपाच्या मोटरला फ्लँजपाशी (बोल्टने जोडण्याच्या कडेपाशी) सुमारे २०० किलो लोखंड वेल्ड केले आणि त्यावर व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवला, तेव्हा पूर्ण वेगाची थरथर कमी झाली, पण १३०० फेऱ्यांच्या आसपास नवीच थरथर सुरू झाली. दुसरा पंप चालू आणि तिसरा बंद असताना बंद असलेला तिसराच जास्त हलतो. दोन्ही एकदम चालवले की थरथर दर १५ सेकंदांनी वाढते आणि ओसरते. मोटरी बदलाव्यात का, असे संस्थेचे संचालक मंडळ विचारत आहे.

मोटरी बदलू नयेत, हे आधी सांगतो. आपण नोंदवलेल्या चारही गोष्टींचे मूळ एकच आहे: नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर वस्तू सेकंदाला जितक्या वेळा आपोआप डोलते तो आकडा, ही सुट्या वस्तूची नसते, ती वस्तू ज्याला जोडली आहे त्यासह उभ्या राहिलेल्या संपूर्ण रचनेची असते. मोटरच्या कागदपत्रांत लिहिलेला आकडा खरा असूनही जॅकवेलवर तो लागू पडत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक दुरुस्त्या याच ठिकाणी चुकीच्या वाटेला लागतात.

मोटरचा जोर किती वेगाने येतो हे प्रथम निश्चित करू. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार पोलची मोटर घसरण (भारामुळे वेगात येणारी थोडी घट) धरून मिनिटाला साधारण १४८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४.७. रोटरमध्ये उरलेला थोडासा असमतोल दर फेऱ्याला एकदा रचनेला ढकलतो, म्हणून ढकलण्याची वारंवारता २४.७ हर्ट्झ आहे. व्हीएफडीच्या पडद्यावर दिसणारे ५० हर्ट्झ विजेचे असतात आणि यांत्रिक आकडा त्याच्या निम्म्याहून किंचित कमी असतो. नोंदवहीत हे दोन आकडे एकमेकांत मिसळलेले मी फार वेळा पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता मोटरकडे येऊ. उभी मोटर पूर्ण ताठ पायावर बांधली तर ती ज्या वारंवारतेला डोलते तो आकडा कंपनी देते. हिशोबासाठी तो ३० हर्ट्झ धरू. मोटर पूर्ण ताठ आहे असे मानून तिचे वजन डिस्चार्ज हेड (पंपाचा पाणी बाहेर सोडणारा वरचा भाग, पुढे नुसते हेड) आणि स्टुलावर ठेवले तर त्यांची वारंवारता ४० हर्ट्झ येते असे धरू. २४.७ पासून दोन्ही आकडे सुरक्षित अंतरावर दिसतात. परंतु प्रत्यक्षात मोटरचा फ्लँज आणि खालचे स्टूल हे एकापाठोपाठ एक असलेले दोन लवचीक भाग आहेत आणि दोघांचे झुकणे एकात एक मिळते. अशा जोडणीसाठी डंकर्लीचे जुने सूत्र वापरतात: एकत्रित वारंवारतेच्या वर्गाचा व्यस्त हा दोन्ही वारंवारतांच्या वर्गांच्या व्यस्तांच्या बेरजेइतका असतो. ३० आणि ४० घातले की उत्तर बरोबर २४ येते. हे सूत्र उत्तर थोडे कमीच सांगते, त्यामुळे खरा आकडा साडेचोवीसच्या आसपास पडेल, आणि मोटर नेमकी तिथेच धावते. एकटी मोटर शांत आणि चढवलेली मोटर अशांत, याचे कारण इतकेच आहे. वर्कशॉपने खोटे सांगितलेले नाही, त्यांनी वेगळी रचना तपासली.

दोन भाग जोडले की वारंवारता नुसती खाली सरकत नाही, एकीच्या जागी दोन होतात. एक वजन एका स्प्रिंगवर असेल आणि त्याची वारंवारता २० हर्ट्झ असेल, तर त्याच्यावर हुबेहूब तसाच दुसरा संच ठेवल्यावर २० हर्ट्झ कुठेच उरत नाही. १२.४ आणि ३२.४ अशा दोन नव्या वारंवारता तयार होतात. पहिलीत दोन्ही वजने एकाच दिशेला झुलतात आणि वरचे जास्त झुलते, तर दुसरीत ती एकमेकांच्या उलट जातात. झुलण्याच्या या प्रत्येक ठरलेल्या आकृतीला मोड म्हणतात. मोडमध्ये रचनेचा प्रत्येक बिंदू एकाच वारंवारतेने हलतो आणि बिंदूंच्या हालचालींचे एकमेकांशी प्रमाण कायम राहते. आपल्या पंपाच्या पहिल्या मोडमध्ये स्टूल आणि मोटर एकाच बाजूला झुकतात. दुसऱ्यात स्टुलाचा माथा एका बाजूला, मोटरचे डोके दुसऱ्या बाजूला जाते आणि मधे कुठेतरी जवळजवळ न हलणारी एक पातळी असते. त्या पातळीवर कितीही वजन टाकले तरी दुसऱ्या मोडची वारंवारता बदलत नाही.

ढकलण्याची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की रेझोनन्स म्हणजेच अनुनाद होतो; तेव्हा काय घडते, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय त्याचे गांभीर्य लक्षात येत नाही. वेल्ड केलेल्या पोलादी रचनेत डॅम्पिंग, म्हणजे कंपन विरवण्याची क्षमता, फार कमी असते. ते एक टक्का धरले तर अनुनादाला हालचाल स्थिर जोराने होणाऱ्या सरकण्याच्या ५० पट होते, दोन टक्के धरले तर २५ पट. पण दोन्ही वारंवारतांत २० टक्के अंतर राखले, म्हणजे ढकलण्याची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या ०.८ पट असली, तर वाढ तिपटीच्या आतच राहते. म्हणूनच रोटरचे पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करण्यावर मी भर देत नाही. बॅलन्सिंगने जोर कमी होतो आणि काही आठवडे बरे वाटते, पण पावसाळ्यात कृष्णेचे गाळमिश्रित पाणी इंपेलर असमान झिजवते, असमतोल परत येतो आणि ५० ची पट जागच्या जागीच असते.

ही लवचीकता डोळ्यांना दिसत नाही, याचीही जाणीव असू द्यावी. रचना आडवी धरली असता स्वतःच्या वजनाने किती मिलिमीटर झुकेल त्याचे वर्गमूळ घेऊन १५.८ ला त्याने भागले की हर्ट्झमध्ये वारंवारता मिळते. २४.७ हर्ट्झ यायला हे झुकणे ०.४१ मिलिमीटर पुरते. दीड मीटरचे स्टूल, त्यावर सुमारे ७०० किलोंची मोटर, आणि सगळा प्रश्न अर्ध्या मिलिमीटरहून कमी झुकण्याचा आहे. सोल प्लेटखाली (पंपाच्या तळाच्या पोलादी प्लेटखाली) भरलेले ग्राउट पोकळ झाले असेल, चार फाउंडेशन बोल्टांपैकी एकाचे नट सैल असेल किंवा फ्लँजमध्ये रंगाचा थर दाबला गेला असेल, तर एवढे झुकणे तिथूनच येऊ शकते. शिवाय एका टोकाला घट्ट बांधलेल्या खांबाची उंची दुप्पट केली तर माथ्याशी त्याचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तेव्हा मोटरी उंच करण्याचा निर्णय चुकीचा म्हणताच येणार नाही. फक्त उंची वाढवताना खालचा पाया त्या प्रमाणात रुंद करायला हवा होता.

२०० किलो लोखंडाने काय केले, ते आता सहज सांगता येते. लोखंड मोटरच्या पातळीला लागले, त्यामुळे हलणारे वजन ७०० वरून ९०० किलो झाले आणि ताठपणा मात्र होता तितकाच राहिला. वारंवारता वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून २४.६ हर्ट्झची रचना २१.७ वर आली. २१.७ ला ६० ने गुणले की मिनिटाला १३०० फेरे होतात, म्हणजे आपली नवी थरथर. जुना अनुनाद खाली सरकला आणि व्हीएफडीने वेग कमी करताना पंप त्याच्यावर जाऊन थांबू लागला. जाड पत्रा लावला की रचना ताठ होते असा समज फार पसरलेला आहे. जिथे वाकणे होते तिथे पत्रा लावला तर ती खरोखरच ताठ होते, जिथे नुसती हालचाल होते तिथे लावला तर फक्त जड होते. स्टूल सर्वांत जास्त वाकते ते तळाशी, आणि लोखंड लावले गेले ते माथ्याशी.

बंद पंप चालू पंपापेक्षा जास्त का हलतो, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाचा भाग आहे. दुसरा आणि तिसरा पंप एकसारखे आहेत, एकाच स्लॅबवर आहेत आणि एकाच हेडरला (समाईक मोठ्या पाइपला) जोडलेले आहेत. स्लॅब व हेडर हीच त्यांच्यामधील स्प्रिंग. मिरजेत सतार करणारे कारागीर तरफेच्या तारा सुरात लावतात तेव्हा न छेडलेली तार वरच्या तारेच्या सुराने आपोआप झंकारते, कारण घोडी आणि तबली यांच्यामार्फत दोन्ही तारा जोडलेल्या असतात आणि त्यांचा सूर जुळलेला असतो. जॅकवेलवर तीच गोष्ट घडत आहे. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६६५ मध्ये एकाच आधारावर टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांमध्ये असाच परस्परसंबंध पाहिला होता, आणि तेथेही दुवा होता तो दोघांना धरणारा लाकडी आधार.

परंतु नुसता झंकार म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण चालू पंप तुलनेने शांत का, हे त्यातून उलगडत नाही. दोन सारखे दोलक किंचित जोडले गेले की त्यांच्या समाईक वारंवारतेच्या खाली एक आणि वर एक असे दोन मोड तयार होतात. खालच्यात दोन्ही पंप एकाच बाजूला झुकतात, वरच्यात एकमेकांविरुद्ध. मोटरचा २४.७ हर्ट्झचा जोर या दोघांच्या मधे येतो. तिथे एक विशेष स्थिती असते: दुसरा पंप पकडून ठेवला असता तिसरा ज्या वारंवारतेला डोलेल, बरोबर त्याच वारंवारतेला दुसऱ्यावर जोर लावला तर तिसरा इतका झुलतो की स्लॅबमार्फत त्याचा उलटा जोर दुसऱ्यावरील जोराला जवळपास रद्द करतो. ज्याच्यावर जोर लागतो तो स्थिर राहतो, आणि ज्याच्यावर लागत नाही तो हलतो. याला प्रतिअनुनाद म्हणतात. म्हणून चालू पंपाचे वाचन चांगले आले यावर समाधान मानू नये. बंद पंपाची बेअरिंगे न फिरता थरथरत राहतात, वंगणाचा थर मोडतो आणि गोळ्यांच्या अंतराने रेसवर (गोळ्या ज्या कड्यांवर फिरतात त्यांवर) खुणा उमटतात. तो पंप पुढे सुरू केला की पहिल्या दिवसापासून बेअरिंग आवाज करते आणि दोष नव्या बेअरिंगला दिला जातो. तोवर बंद पंपाचा शाफ्ट आठवड्यातून एक-दोनदा फिरवून वेगळ्या ठिकाणी उभा करावा.

दर १५ सेकंदांनी येणारी भरती-ओहोटी मात्र वेगळ्या जातीची आहे आणि इथे अनुभवी माणसेही गोंधळतात. जोडलेल्या दोलकांत ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन परत येते हे खरे, पण ते धक्का देऊन सोडून दिल्यावर. जोर सतत एकाच वारंवारतेने लागत असेल तर सुरुवातीचे हेलकावे काही सेकंदांत विरतात आणि कंपन एका पातळीवर स्थिरावते. तासन्‌तास चालणारी भरती-ओहोटी म्हणजे दोन जोर आणि दोन किंचित वेगळ्या वारंवारता. घसरणीतील फरकामुळे एक मोटर १४८० आणि दुसरी १४७६ फेरे घेत असेल, तर मिनिटाला चार वेळा त्यांचे जोर एका दिशेला येतात, म्हणजे दर १५ सेकंदांनी एकदा. ते एका दिशेला असताना खालचा मोड चेतवला जातो आणि विरुद्ध असताना वरचा. खात्री करण्यासाठी एक स्लुइस व्हॉल्व्ह थोडा आवळून एका पंपाचा भार बदलावा. घसरण बदलेल आणि १५ सेकंदांचा आकडाही बदलेल. तो बदलला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

उपायाकडे जाण्यापूर्वी दोन मोजण्या कराव्यात. पहिली बंप टेस्ट: पंप बंद ठेवून मोटरच्या डोक्याशी सेन्सर लावावा, रबरी किंवा लाकडी हातोड्याने ठोका द्यावा आणि कोणत्या वारंवारतेला शिखर येते ते पाहावे. पाइपच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात अशा दोन्ही दिशांना ती करावी, कारण डिलिव्हरी पाइप आपल्या दिशेने आधार देते, आणि कपलिंगपर्यंत हात जावा म्हणून हेडला ठेवलेल्या खिडक्या ज्या बाजूंना असतात त्या दिशेला हेड जास्त लवचीक होते. दोन दिशांचे आकडे एकसारखे आले तर मोजणी पुन्हा करावी असे मी सुचवतो. शेजारचे पंपही त्या वेळी बंद ठेवावेत.

दुसरी मोजणी पंप चालू असताना. स्लॅब, सोल प्लेट, हेडचा तळ, हेडचा माथा, स्टुलाचा तळ, स्टुलाचा माथा, मोटरचा फ्लँज आणि मोटरचे डोके या क्रमाने प्रत्येक ठिकाणी कंपन किती आणि त्याची फेज (शाफ्टच्या फेऱ्याच्या तुलनेत कंपन किती अंश मागे आहे) काय, हे एकाच दिशेत नोंदवून उंचीनुसार कागदावर रेघ काढावी. रेघ सावकाश वाढत गेली तर रचना एकसंध आहे. ज्या जोडाच्या वर-खाली रेघ एकदम उडी मारते तो जोड सैल आहे, आणि तेथे पत्रा लावण्याआधी नट आवळायचे असतात. जिथे रेघ जास्त वळते तिथे ताठपणा द्यायचा. वेग हळूहळू वाढवत नेताना फेज सुमारे ९० अंशांवरून जाते तो वेग अनुनादाचा. पहिल्या पंपावर व्हीएफडी असल्यामुळे हे पाहणे सोपे आहे.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या पंपाच्या उपायाविषयी. स्टूल ताठ करणे हा पहिला विचार योग्य आहे, पण त्याला मर्यादा आहे. स्टुलाचा भाग ४० वरून ६० हर्ट्झ केला तर एकत्रित आकडा २४ वरून २६.८ होतो, ८० केला तर २८.१. स्टूल कितीही ताठ केले तरी मोटरच्या फ्लँजची स्वतःची लवचीकता शिल्लक राहते, त्यामुळे ३० च्या वर जाता येत नाही. आपल्याला २५ टक्के अंतर हवे असेल तर ३०.८ पाहिजेत, आणि ते या वाटेने मिळणार नाहीत. लोखंडावर आणखी खर्च करण्यापूर्वी संचालक मंडळाला हा हिशोब दाखवावा.

मोटरच्या वरच्या भागाला पंपघराच्या कॉलमपासून आडवे टेके दिले तर ती मर्यादा ओलांडता येते, कारण टेका फ्लँजच्या लवचीकतेला वळसा घालून थेट मोटरला धरतो. मात्र टेका ज्याला बांधायचा तो आधार पुरेसा ताठ हवा. ७०० किलो आणि २४.६ हर्ट्झ यांवरून मोटरच्या पातळीचा ताठपणा मिलिमीटरला साधारण पावणेदोन टन निघतो. ३०.८ वर जायला त्यात जवळपास एक टन प्रति मिलिमीटरची भर लागते, म्हणजे एक टन जोर लावल्यावर आधार एका मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. वीटकामाच्या भिंतीत बोल्ट ठोकून हे साधणार नाही. आरसीसीचा चांगला कॉलम किंवा बीम लागेल, आणि टेके दोन्ही दिशांना द्यावे लागतील.

तसा आधार नसेल तर डायनॅमिक ॲब्सॉर्बर लावता येतो. मोटरच्या डोक्यावर लवचीक पट्टीवर बसवलेले छोटे वजन २४.७ हर्ट्झला जुळवले की वर सांगितलेला प्रतिअनुनाद आपण हेतुपुरस्सर निर्माण करतो: वजन झुलते, मोटर थांबते. हेर्मान फ्राम यांनी १९०९ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि कायम एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रासाठी तो आजही उत्तम उपाय आहे. मोटरच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ३५ किलो घेतले, तर मूळ एका शिखराच्या जागी सुमारे २२.१ आणि २७.६ हर्ट्झला दोन शिखरे येतात आणि मधली २४.७ मोकळी राहते. पट्टीला तडा गेला किंवा वजन सैल झाले तर जुळणी बिघडते, म्हणून ऑपरेटरच्या रोजच्या तपासणीत तिची नोंद असावी. बदलत्या वेगाच्या पहिल्या पंपावर ॲब्सॉर्बर बसवू नये, कारण २२.१ हर्ट्झ म्हणजे १३२५ फेरे आणि तेथे तो स्वतःच अनुनाद घडवेल.

पहिल्या पंपावरील लोखंड काढून टाकावे असे माझे मत आहे. ते काढेपर्यंत व्हीएफडीत स्किप फ्रिक्वेन्सीची सोय असते, तिच्यात विजेचे ४१ ते ४७ हर्ट्झ वगळून ठेवावेत. वेग तेवढा पट्टा भरकन ओलांडेल आणि पंप त्यात थांबणार नाही. लोखंड काढल्यावर अनुनाद पुन्हा पूर्ण वेगाजवळ येईल, त्यामुळे त्याच दिवशी वगळण्याचा पट्टाही बदलला पाहिजे आणि टेके बसेपर्यंत तो पंप साधारण १२५० फेऱ्यांच्या आतच चालवला पाहिजे. तितक्या वेगाला शेवटच्या टाकीपर्यंत पाणी चढते का, हे पाणी चढवण्याच्या उंचीच्या हिशोबावरून आधी पाहावे, कारण पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

कामाचा क्रम असा ठेवावा: आधी सर्व बोल्ट टॉर्क रेंचने आवळणे, मग सोल प्लेटवर हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहणे आणि तसा आल्यास ग्राउट बदलणे, त्यानंतर बंप टेस्ट. माझ्या अनुभवात एवढ्यानेच आकडा एक-दोन हर्ट्झने वर सरकतो आणि कधीकधी पुढच्या खर्चाची गरज उरत नाही. दोन्ही दिशांची शिखरे, आठ ठिकाणांची रेघ, मोटरचे नेमप्लेटवरील वजन, स्टुलाचे बाहेरचे माप व पत्र्याची जाडी, आणि पंपघराच्या कॉलमचे आकार व अंतर एवढे कळवावे. त्यावरून टेके द्यायचे की ॲब्सॉर्बर, आणि टेके द्यायचे असतील तर कोणत्या मापाचे पाइप घ्यायचे, हे नेमके सांगता येईल.